अस्सल गावठी विळा करायला निघालो, त्याच्या नोंदी (सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५)

७ सप्टेंबर, रविवार

आज सुरुवात करणार होतो, पण रात्री खग्रास चंद्रग्रहण, त्यामुळे आईने दुपारपासूनच कशाला हात लावू दिला नाही. मग बसून निदान हे लिहून काढतोय.

नोकरी बेळगावात, उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. लोखंड रोज हाताळतो पण सगळं मशीनवर, ऐरणीवर कधी काही ठोकलं नाही. गेल्या महिन्यात ऑनलाइन एक ‘हँडफोर्ज्ड ट्रॅडिशनल’ विळा मागवला, १,४९९ रुपये. पात्यावर हातोड्याचे सुंदर ठसे. कंपनीत व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून बघितलं तर सगळे ठसे एकाच मापाचे आणि दोन ठशांमधलं अंतरही सारखंच, म्हंजे प्रेसवर डाय मारून काढलेले. डोकं फिरलं. म्हटलं, अस्सल विळा आता आपणच करायचा.

त्यासाठी स्वतःला नियम घालून घेतलेत. वीज वापरायची नाही, ग्राइंडर नाही, भंगारातलं लोखंड नाही, भाता हाताचा आणि कोळसा लाकडाचा. (हे मागाहून घातलंय) हे नियम एकेक करून कसे गळाले त्याच्याच या नोंदी आहेत, त्यामुळे ज्यांना करायचंय त्यांनी माझे नियम घेऊ नका, चुका घ्या.

१४ सप्टेंबर, रविवार

पितृपक्षात नवीन काही सुरू करायचं नसतं म्हणाली आई. मी म्हटलं मातीची भट्टी आहे, माती कुठं नवीन असते.

परड्यात भट्टी केली. आमच्याकडच्या मातीला नाव आहे, खानापूरची कौलं सगळ्यांना माहीत आहेत, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथं आहे, त्यामुळे मातीची काळजी नव्हती. चूक झाली ती घाईची. शुक्रवारी लिंपली आणि आज पेटवली, आतून ओली होती ती एका तासात तीन ठिकाणी फुटली. पुन्हा लिंपताना भाताचं तूस आणि थोडी वाळू मिसळली. आता आठ दिवस सावलीत वाळू देणार. विटा, वाळू मिळून ३५० रुपये.

भात्याची गोष्ट यापेक्षा वाईट. कातडं कमवून देणारा कोणी सापडला नाही, मग गाडीच्या सीटा शिवणाऱ्याकडून रेक्झिनचा भाता शिवून घेतला, १,४०० रुपये. फळीची झडप बसेना, वारं पुढं जायच्या ऐवजी मागं यायला लागलं आणि निखाऱ्याची झळ आत ओढून रेक्झिन वितळलं. चाळीस मिनिटांत १,४०० रुपयांचा धूर.

संध्याकाळी गावातल्या लोहारमामांकडं गेलो. माझ्या आजोबांची अवजारं यांचे वडील करायचे. मामांच्या भट्टीला विजेचा ब्लोअर आहे हे लहानपणापासून बघत आलोय, पण आज जरा तोऱ्यातच विचारलं, मामा, भाता का सोडला? मामांच्या आधी मामीच बोलल्या. “पंधरा वर्षं मी वडलाय तो भाता. आता कमरेला पट्टा हाय. तुला हौस असंल तर तू वड.”

फोटोत लोहार दिसतो, भाता ओढणारी बाई दिसत नाही. घिसाड्यांच्यात तर बाया घण मारतात, लहानपणी गावाबाहेर त्यांची पालं पडायची तेव्हा बघितलंय.

ब्लोअर घेतला, १,२५० रुपये. पहिला नियम गेला.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज विश्वकर्मा जयंती, कंपनीत मशीनची पूजा झाली, लवकर सुटलो म्हणून ऐरणीच्या मागे लागलो.

रेल्वेच्या रुळाचा तुकडा मिळाला तर झकास असं सगळे सांगतात. भंगारवाल्याला विचारलं तर तो दुकानातून बाहेरच आला. रुळाचा तुकडा जवळ सापडला तर रेल्वे मालमत्तेचा १९६६ चा कायदा लागतो, तो तुकडा रीतसर आलाय हे दाखवावं लागतं, नाहीतर गुन्हा. तेव्हा पावती असेल तरच त्या वाटेला जा. मी शेवटी बिडाची, म्हंजे ओतीव लोखंडाची, ऐरण घेतली, २,२०० रुपये, आणि इथंही फसलो. बेळगावात फाउंड्र्या इतक्या आहेत की बिडाची वस्तू स्वस्त मिळते, पण बीड ठिसूळ. थंड कड्यावर हातोडा बसला की टवका उडतो आणि वर पोलादी गोळी टाकली तर उडी मारायच्या ऐवजी नुसती थप् करून बसते. मामांच्या ऐरणीवर तीच गोळी सोडलेल्या उंचीच्या निम्म्याच्या वर परत येते. ऐरण घेताना खिशात बेअरिंगची गोळी ठेवा, एवढी एकच परीक्षा पुरते.

मामांनी पीएम विश्वकर्माचं कार्ड दाखवलं. २०२३ साली याच तारखेला ती योजना सुरू झाली, अठरा पारंपरिक धंदे त्यात आहेत, लोहार त्यातलाच एक, अवजारांच्या किटसाठी १५,००० पर्यंत मिळतात. मामा म्हणाले, “सरकारनं शिक्का मारला बघ, मी पारंपरिक.” त्यांच्या मागच्या भिंतीला दोन ग्राइंडर लटकत होते.

२१ सप्टेंबर, रविवार

भंगार नको म्हणून हट्टाने दुकानातून नवीन पट्टी आणली, १८० रुपये. दिवसभर ठोकून विळ्यासारखा आकारही आला, काय आनंद झाला सांगू. मग लाल करून पाण्यात बुडवला, कानस मारून बघितली तर कानस लोण्यात फिरावी तशी फिरली. गुडघ्यावर दाबला, वाकला आणि तसाच राहिला.

ही चूक माझी, आणि मशीन शॉपमध्ये बारा वर्षं काढलेल्या माणसाने करायची नव्हे. ती पट्टी माइल्ड स्टीलची, म्हंजे साध्या मऊ पोलादाची, त्यात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास, त्याला पाणी चढतच नाही, म्हंजे लाल करून बुडवलं तरी ते कडक होत नाही. धारेच्या वस्तूला निदान त्याच्या अडीच-तीन पट पाहिजे. ‘नवीन म्हणजे शुद्ध आणि शुद्ध म्हणजे चांगलं’ हे डोक्यात इतकं बसलं होतं की रोजचं ज्ञान बाजूला पडलं.

रात्री कंपनीतल्या मित्राशी फोनवर वाद. तो म्हणतो अस्सल करायचं तर उक्कू कर. कानडीत पोलादाला उक्कू म्हणतात, इंग्रजीतला वूट्झ त्यावरूनच आला असं मानतात. मुशीत लोखंड आणि पालापाचोळा घालून तोंड लिंपून तासन्‌तास भट्टीत ठेवायचं, असं ते पोलाद. पण विळे-कुदळी करणारा गावचा लोहार ते कुठं करत होता? लोखंड काढणारे वेगळे, ठोकणारे वेगळे. सह्याद्रीत धावड लोक जांभ्यातून लोखंड काढायचे, लोहार ते विकत घ्यायचा. १८५६ नंतर बेसेमरच्या पद्धतीने पोलाद स्वस्त झालं, बाहेरच्या पट्ट्या आल्या आणि धावडांच्या भट्ट्या थंडावल्या, लोहाराची मात्र चालूच राहिली. मित्राला म्हटलं, नेमक्या कुठल्या सालात मागं जायचं ते तूच सांग. त्याने फोन ठेवला, मॅच होती.

२८ सप्टेंबर, रविवार

ट्रकचा पाटा, म्हंजे चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी, आणला. भंगार, ६५ रुपये किलो, ४.२ किलो, २७३ रुपये. दुसरा नियम गेला. आपल्याकडं विळा-कोयता ‘पाट्याचा’ म्हटला की गिऱ्हाईक जास्त काही विचारत नाही. पाट्याचं पोलाद बहुतेक ईएन ४५ जातीचं, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर आणि सिलिकॉन भरपूर, स्प्रिंगचंच ते, त्यामुळे वाकून परत येतं.

भंगारातून घेताना एकच बघा, तुटलेला पाटा घेऊ नका. तुटलाय तिथंच चीर आहे असं नाही, बाजूलाही बारीक चिरा असतात आणि त्या ठोकताना उघडतात. माझा पहिला तुकडा असाच गेला, अर्धा दिवस वाया.

पाऊस थांबेना, कोळसा ओला. ओला कोळसा नुसता फुटत राहतो, ठिणग्या अंगावर येतात. ५५० ची एक पिशवी तशीच जळाली. पाटा भलताच कडक. मामा एका तावात, म्हंजे एकदा लाल केल्यावर, जेवढं लांबवतात तेवढ्याला मला पाच-सहा ताव लागले, कारण मी भट्टीतून काढल्यावर आधी बघत बसायचो, मग सांडशीत नीट धरायचो, मग मारायचो, तोवर लाली उतरलेली. आणि लाली उतरलेल्या पाट्यावर मारलेला घाव सरळ आपल्या कोपरात येतो.

दुपारी फोन आला, बोलत राहिलो. परत आलो तर टोकावरून फुलबाजीसारखी फुलं उडत होती. लोखंड जळालं. दोन इंच कापून टाकले. विळा आता दोन इंच आखूड.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

ही नोंद मोठी होणार.

पूजेला घरातली सगळी अवजारं काढली. आजोबांचा विळा माळ्यावर होता, घरात त्याला ‘अस्सल’ म्हणतात, आत्याच्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे. मी जो करायला निघालोय त्याचा नमुना हाच, वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलने आकारही यावरूनच काढला होता. मूठ ढिली होती म्हणून काढली, गंज रॉकेलने भिजवून घासला, आणि मुठीच्या आत लपलेल्या भागावर आडव्या-तिडव्या बारीक रेघा दिसायला लागल्या. आधी वाटलं गंजाची नक्षी. नखाने ओढून बघितलं, नख अडकलं. अंगणात उन्हात नेला. चौकड्यांच्या रेघा, मध्येच हातोड्याने चेपून सपाट झालेल्या आणि कडेला परत वर आलेल्या, आणि त्याच्या खाली इंग्रजी अक्षराचा अर्धा शिक्का.

कानस होती ती. झिजलेल्या कानशीचा विळा केलेला.

माझी आजवरची सगळी अस्सलाची गोष्ट एका झिजलेल्या, बहुतेक साहेबाच्या देशातून आलेल्या कानशीवर उभी होती. तसाच उघड्या हातात घेऊन मामांकडं गेलो. त्यांनीही पूजा मांडली होती, ऐरणीला हळद-कुंकू, ग्राइंडरला झेंडूची माळ आणि ब्लोअरला पण एक फूल. विळा हातात घेऊन त्यांनी अंगठ्याने त्या रेघा चाचपल्या.

“माझ्या बाच्या हातचा हाय.”

म्हटलं, मामा, ही तर कानस आहे.

“मग? कानशीसारखं पोलाद दुसरं कुठं मिळणार हुतं त्याला. उगारच्या साखर कारखान्यात एक पावणा हुता, घासून गेलेल्या कानशी आणून द्यायचा. बा त्याला खुरपी करून द्यायचा.” मग जरा थांबून म्हणाले, “रेघा घासून काढायच्या राहिल्या न्हवं. सुगीची घाई असंल.”

त्यांना वाईट वाटलं ते रेघा राहिल्याचं, कानस असल्याचं नाही. मुठीच्या आत लपलेल्या भागातली हयगय, आणि तीही बापाची, सत्तरीतल्या माणसाला खटकली. मला हे लिहून ठेवावंसं वाटलं. ऑनलाइनवाल्याने ठसे मुद्दाम काढले होते, आणि मामा बापाच्या हातचे ठसे पुसायचे राहिले म्हणून ओशाळले.

घरी येऊन नियमांचा कागद फाडला. काम मात्र चालू, कारण हातात अर्धा विळा आहे आणि भात पिवळं पडायला लागलंय.

५ ऑक्टोबर, रविवार

पाणी द्यायचा दिवस. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की साधारण ७७० अंश झाले, त्याच्या थोडं वर न्यायचं, एवढं पाठ केलं होतं. पण मी भर दुपारी, उघड्यावर. उन्हात लाल रंग दिसत नाही, म्हणून अजून तापव अजून तापव करत पिवळा होईपर्यंत नेला आणि अख्खा पाण्याच्या बादलीत घातला.

टिक्.

एवढाच आवाज. बारीक, काचेच्या बांगडीसारखा. धारेपासून पाठीपर्यंत चीर. रागाने ऐरणीवर आपटला तर दोन तुकडे. मोड, म्हंजे तुटलेली जागा, बघितला, आत खडीसाखरेसारखे चमकणारे कण. जास्त तापलं की कण असे फुगतात, नीट तापलेल्याचा मोड राखेसारखा करडा आणि मऊ दिसतो. एकूण एकवीस तासांचं काम त्या टिक्‌मध्ये गेलं. जेवलो नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुसरं पातं. हात बसलाय, सहा तासांत आकार आला. पाणी संध्याकाळी अंधार पडल्यावर, आणि पाण्याऐवजी गाडीचं काढलेलं ऑइल, गॅरेजमधून फुकट. धूर इतका की शेजारच्या काकू काय पेटलं म्हणून आल्या. आता हे ऑइल वापरू नका असंच सांगेन, घसा दोन दिवस धरला होता, साधं खायचं तेल कोमट करून घेतलं असतं तरी चाललं असतं.

चीर नाही, कानस घसरते. जिंकलो असं वाटलं. मग लक्षात आलं की भातकापणीच्या विळ्याला दाते लागतात आणि ते पाणी द्यायच्या आधी पाडायचे असतात. तरी छिन्नी लावून बघितली. छिन्नीची धार गेली, पात्यावर ओरखडा नाही. परत लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवलं, मऊ पडायला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. पातं घेऊन मामांकडं गेलो, तुम्ही करा, मी बघतो म्हटलं.

दाते: पातं शिशाच्या ठोकळ्यावर, छिन्नी तिरकी, मुठीकडं झुकलेली, कारण विळा ओढताना कापतो. टक, सरक, टक, सरक. मी नंतर मोजले, एका इंचात चौदा. ते मोजत नव्हते, मामीशी फराळाच्या तेलाबद्दल बोलत होते. दाते एकाच बाजूला पाडतात आणि धार लावायची ती दुसऱ्या, गुळगुळीत बाजूने, म्हंजे घासलं तरी दाता राहतो. मी दोन्ही बाजूंनी पाडणार होतो.

मग पाणी. त्यांनी पातं अख्खं बुडवलं नाही. नारंगी व्हायच्या आधीच, गडद लाल सरून चेरीसारखं झाल्यावर काढलं आणि फक्त दात्यांची कड बोटभर पाण्यात धरून हलवत राहिले. पाठ अजून लाल. बाहेर काढलं, विटेच्या तुकड्याने कडेवर एक घासा मारला, चकाकी आली, आणि म्हणाले, “आता बोलू नको, बघ.” पाठीतली उष्णता कडेकडं सरकायला लागली. चकाकीवर आधी काहीच नाही, मग सुक्या गवताचा पिवळा, तो हळूहळू कडेकडं सरकतोय आणि त्याच्या मागून तांबूस, त्याच्याही मागून जांभळा येतोय. तांबूस कडेला टेकला आणि चर्र, सगळंच पाण्यात. मोजून दहा-बारा सेकंद असतील. कंपनीत हेच काम करायला डिजिटल ओव्हन आहे.

मी विचारलं पाट्याला पाणी चालतं? “चालतं, खरं पातळ असंल तर न्हाई. तुझं जाड हाय.” म्हणजे माझा ओबडधोबडपणा पहिल्यांदाच कामाला आला.

नंतर धार त्यांनी ग्राइंडरवर काढली, दोन मिनिटं, मधेमधे पाण्यात बुडवत, कारण कड निळी पडली तर दिलेलं पाणी उतरतं. मी काही बोललो नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

मूठ. बाभळीचं लाकूड, ६० रुपये. पात्याची शेपूट, म्हंजे मुठीत जाणारं टोक, तापवून भोकात जाळत बसवतात असं ऐकलं होतं, मी एकदम लाल करून घुसवली, मूठ उभी चिरली. दुसऱ्या मुठीला आधी बारीक भोक पाडलं, शेपूट काळपट गरम करून थोडं थोडं सरकवलं, तोंडाला जुन्या पाइपाचं कडं बसवलं. मूठ पक्की बसायला लाख भरायची होती, दिवाळीत दुकान बंद होतं, तशीच ठेवली. ही हयगय लक्षात ठेवा.

भाच्याने फोटो काढून ऑनलाइन टाकायचं काढलं, वर ‘अस्सल गावठी, शुद्ध पारंपरिक’ लिहिणार होता. त्याला म्हटलं ट्रकचा पाटा, दाते आणि पाणी मामांच्या हातचं, मूठ माझी, असं लिही. तो म्हणाला असं कोण घेईल. शेवटी टाकलंच नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

कापणी. तीन विळे घेऊन गेलो. ऑनलाइनवाला अर्ध्या तासात बोथट, काकूंनी बांधावर फेकला. आजोबांच्या कानशीचा अजूनही सगळ्यांत हलका, आईने तो कुणाला दिला नाही. माझा कापतो चांगला पण जड आहे, आणि अकराच्या सुमाराला मूठ हातात गोल फिरायला लागली. लाख नव्हती ना.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी: विटा, भाता, ब्लोअर, ऐरण, पट्टी, पाटा, कोळशाच्या तीन पिशव्या, एक कानस २२० ची आणि मूठ मिळून ७,५८३ रुपये, ऑनलाइनचा वेगळा. मामा दाते पाडून मुठीसकट २५० ला देतात. माझ्या पात्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, घरची झिजलेली कानस मात्र ठेवून घेतली.

दुपारी जेवायच्या सुट्टीत तसाच विळा घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी मूठ फिरवून बघितली, माझ्याकडं बघितलं आणि मामींना हाक मारली, “लाखेचा डबा आण गं, ह्यानं घाई केलीया.”